डावपेचांचे व्हिडिओ गेम : पालकांनी पारखावे कसे?

नववी-दहावीतला मुलगा रात्री अकराच्या सुमारास संगणकासमोर बसतो, शेते पेरतो, लाकूडतोड्यांची संख्या वाढवतो, शेजारच्या राजाशी तह करतो आणि मध्यरात्र उलटल्यावर त्याच राजाच्या राजधानीला वेढा घालतो. आई दारात उभी राहून विचारते, ‘हे काय चाललंय अजून?’ त्यावर उत्तर येते, ‘अगं, हा मारामारीचा गेम नाही, स्ट्रॅटेजीचा आहे. डोकं लागतं याला.’ हे उत्तर खोटे नसते. मात्र आईला जे जाणून घ्यायचे असते, त्याचे ते उत्तरही नसते.

वडिलांची अडचण निराळी असते. आज ज्यांची मुले दहा-पंधरा वर्षांची आहेत, त्यांच्यापैकी अनेकांनी २००० नंतरच्या दशकात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात किंवा कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या लढाया रात्र रात्र लढलेल्या असतात. ‘आम्हीही खेळलो, आमचे काय बिघडले?’ हा त्यांचा युक्तिवाद असतो आणि तो अगदीच निराधार नसतो. पण वडिलांच्या आठवणीतला खेळ आणि मुलाच्या हातातला खेळ हे एका जातीचे असले, तरी एका घडणीचे असतीलच असे नाही. वडिलांचा खेळ सीडीवर मिळत असे, एकदा विकत घेतला (किंवा मित्राकडून आणला) की त्याचा दुकानाशी संबंध संपे, आणि प्रत्येक लढाईला शेवट असे. मुलाच्या मोबाईलवरच्या खेळाला बहुधा शेवट नसतो, त्याच्या आतच दुकान असते, आणि मुलगा शाळेत असतानाही तो खेळ चालूच असतो. स्ट्रॅटेजी गेमचे फायदे-तोटे तोलताना पालकांनी सर्वप्रथम पाहायचा तो हा फरक. तोफा, तलवारी आणि पडद्यावरचे रक्त या गोष्टी त्यानंतरच्या.

जुनी परंपरा, नवे यंत्र

डावपेचांचा खेळ आपल्याला नवा नाही. बुद्धिबळाचे मूळ असलेला चतुरंग हा हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा सैन्याच्या चार अंगांचाच खेळ होता. युरोपात प्रशियामध्ये १८२४ साली राइसवित्झ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने नकाशा, ठोकळे आणि फासे यांवर आधारलेला युद्धाचा खेळ सैन्यापुढे मांडला आणि अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात त्याचा वापर झाला. मे महिन्याच्या सुट्टीत ‘व्यापार’चा पट मांडून तासन्‌तास बसलेली भावंडे, किंवा दिवाळीत मातीचा किल्ला करताना तोफ कोणत्या बुरजावर ठेवायची यावरून भांडणारी मुले, ही याच परंपरेतली. हातातली साधने मोजकी, समोर प्रतिस्पर्धी, आणि कोणती गोष्ट आधी करायची याचा निर्णय आपला, एवढी या खेळांची साधी व्याख्या करता येईल.

संगणकावर या प्रकाराला खरा बहर आला तो १९९० नंतर. सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ १९९१ मध्ये आला. त्यात खेळाडू एका जमातीपासून आरंभ करून हजारो वर्षांचा प्रवास करतो. पुढच्याच वर्षीच्या ‘ड्यून टू’ने घड्याळ न थांबवता खेळायच्या प्रकाराचा साचा घालून दिला. ‘एज ऑफ एम्पायर्स’ १९९७ चा, त्याचा अधिक गाजलेला दुसरा भाग १९९९ चा, आणि दक्षिण कोरियात राष्ट्रीय वेड ठरलेला ‘स्टारक्राफ्ट’ १९९८ चा. हे जुने खेळ आजही जिवंत आहेत. ‘एज ऑफ एम्पायर्स टू’ची नवी आवृत्ती २०१९ मध्ये निघाली आणि २०२२ मध्ये तीत बंगाली, द्रविड व गुर्जर अशा भारतीय राजवटींची भर पडली. त्यामुळे बाप-लेक एकच खेळ खेळत आहेत, असे दृश्यही काही घरांत दिसते.

पालकांच्या दृष्टीने या खेळांचे तीन गट पाडणे सोयीचे. पहिला पाळीपाळीने खेळायचा, बुद्धिबळासारखा. ‘सिव्हिलायझेशन’ या गटातला. आपली चाल झाल्यावरच जग पुढे सरकते, आणि कोणत्याही क्षणी खेळ जतन करून उठता येते. दुसरा गट चालत्या घड्याळाचा. ‘एज ऑफ एम्पायर्स’ किंवा ‘स्टारक्राफ्ट’मध्ये दोन्ही बाजू एकाच वेळी धावत असतात, सामना साधारण अर्ध्या-पाऊण तासात संपतो, आणि समोर खराखुरा माणूस असेल तर मध्येच उठणे म्हणजे हार पत्करणे. तिसरा गट मोबाईलवरच्या गाव उभारण्याच्या खेळांचा. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा २०१२ चा ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ हा त्याचा सर्वांत परिचित नमुना. खेळ फुकट मिळतो, इमारत बांधायला खरे तास आणि पुढे पुढे खरे दिवस लागतात, आणि ती वाट पाहायची नसेल तर ‘जेम्स’ खर्च करावे लागतात. जेम्स थोडे खेळून मिळतात, बाकीचे पैशाने.

जाता जाता एक खुलासा. ज्या ‘पबजी’ मोबाईलवर भारत सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली, तो स्ट्रॅटेजी गेम नव्हे, नेमबाजीचा खेळ होय. मुले वादात सोयीनुसार कोणत्याही खेळाला ‘स्ट्रॅटेजी’ म्हणतात, आणि पालक रागाच्या भरात प्रत्येक खेळाला ‘पबजी’ म्हणतात.

पहिली दहा मिनिटे

‘डोके लागते’ म्हणजे नेमके काय लागते, हे समजण्यासाठी ‘एज ऑफ एम्पायर्स टू’च्या एका साध्या सामन्याची सुरुवात पाहावी. खेळाडूजवळ सहसा एक नगरकेंद्र, तीन गावकरी आणि एक टेहळणी करणारा स्वार असतो. अन्न, लाकूड, सोने आणि दगड ही चार साधने. एक गावकरी तयार करायला ५० अन्न खर्ची पडते, आणि पुढच्या युगात जायचे तर ५०० अन्न साठवावे लागते. म्हणजे पहिल्या मिनिटापासून प्रश्न उभा राहतो: आहे ते अन्न आणखी कामकरी वाढवण्यात घालायचे, की मन आवरून साठवायचे? गावकरी जास्त केले तर मिळकत वाढते, पण युगांतर लांबते. घाईने पुढच्या युगात गेले तर हाताशी माणसे कमी पडतात. तेवढ्यात शत्रूने दोन-चार भालाईत पाठवले, तर लाकूडतोड सोडून पळायचे की तटबंदी उभारायची, हेही ठरवावे लागते. दरम्यान घरे बांधायला विसरले, तर नवे गावकरी जन्मालाच येत नाहीत.

अर्थशास्त्राच्या पुस्तकातले उपभोग, बचत, गुंतवणूक आणि संधिव्यय हे शब्द त्या मुलाला ठाऊक नसतात, पण त्या कल्पनांशी तो झुंजत असतो. चार गोष्टींकडे एकाच वेळी लक्ष ठेवणे, अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणे, आखलेला बेत फसला की दुसरा धरणे, हे सारे त्यात आहे. ‘सिव्हिलायझेशन’मध्ये याला लांब पल्ल्याची जोड मिळते. तिथे विज्ञानाच्या किंवा संस्कृतीच्या बळावर, एकही मोठे युद्ध न करता जिंकता येते. समीक्षक ॲलन एमरिच यांनी १९९३ मध्ये अशा खेळांचे वर्णन शोध, विस्तार, वापर आणि विनाश या चार क्रियापदांनी केले होते. चांगला खेळाडू चौथ्या क्रियापदाकडे वळण्यापूर्वी पहिल्या तिन्हींवर फार वेळ घालवतो, हे बाहेरून पाहणाऱ्याला सहसा दिसत नाही.

संशोधन काय सांगते, आणि काय सांगत नाही

‘गेममुळे मेंदू तल्लख होतो’ अशा मथळ्यांच्या बातम्या पालकांच्या वाचनात येतात. मुले त्या जपून ठेवतात आणि वेळ पडली की पुढे करतात. म्हणून त्यांच्यामागचे काही अभ्यास नीट पाहणे उपयोगाचे.

‘प्लॉस वन’ या नियतकालिकात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, एरवी फारसे व्हिडिओ गेम न खेळणाऱ्या ७२ स्त्रियांना सुमारे ४० तास खेळायला लावले. काहींना ‘स्टारक्राफ्ट’ दिला, काहींना घरसंसाराचा ‘द सिम्स’. स्टारक्राफ्ट खेळणाऱ्यांमध्ये विचारांची लवचिकता, म्हणजे एका कामावरून दुसऱ्यावर चटकन वळण्याची क्षमता, अधिक वाढलेली दिसली. त्याआधी २००८ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘राइज ऑफ नेशन्स’ हा स्ट्रॅटेजी गेम ज्येष्ठ नागरिकांना सुमारे साडेतेवीस तास शिकवला. त्यांच्याही काही बौद्धिक चाचण्यांत सुधारणा आढळली.

दोन्ही अभ्यास महत्त्वाचे आहेत. पण पहिल्यातील सहभागी प्रौढ होत्या आणि दुसऱ्यातील मंडळी आजी-आजोबांच्या वयाची. तेरा वर्षांच्या मुलाने त्यांचा दाखला देऊन तासभर वाढवून मागावा, हा युक्तिवाद डावपेच म्हणून उत्तम असला तरी पुरावा म्हणून कच्चा आहे. शिवाय त्याच २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका प्रयोगात, वीसहून अधिक तास ‘राइज ऑफ नेशन्स’ किंवा इतर खेळ खेळूनही नवख्या खेळाडूंच्या सर्वसाधारण क्षमतेत लक्षणीय फरक पडला नाही. या विषयावरील अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये जो आढावा आला, त्याचाही निष्कर्ष असाच आहे: व्हिडिओ गेमच्या सरावाने माणूस त्या खेळात तरबेज होतो, एकूण बुद्धी त्यामुळे वाढते असे दिसत नाही.

मुलांवरचा उल्लेखनीय अभ्यास कॅनडातला. तेथील ब्रॉक विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी १,४९२ किशोरवयीन विद्यार्थ्यांचा माध्यमिक शाळेच्या चार वर्षांत मागोवा घेतला आणि निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. जे विद्यार्थी स्ट्रॅटेजी व तत्सम खेळ अधिक खेळत, ते पुढील वर्षांत आपली समस्या सोडवण्याची कुवत अधिक असल्याचे सांगत, आणि त्या कुवतीचा संबंध चांगल्या गुणांशी दिसून आला. येथे ‘सांगत’ हा शब्द अधोरेखित करावा. कुवतीचे मोजमाप विद्यार्थ्यांनी स्वतःच स्वतःला दिलेल्या उत्तरांवरून केलेले होते.

या साऱ्यावरून माझे मत असे झाले आहे, की फायदा आहे, पण तो आपोआप पुस्तकात उतरत नाही. खेळात काटकसर करणारा मुलगा पॉकेटमनीच्या बाबतीत उधळा असू शकतो. खेळातला विचार बाहेर यायचा तर त्याच्याशी कोणीतरी बोलावे लागते. बुद्धिबळाचा कोणताही बरा शिक्षक हरलेला डाव पुन्हा मांडून दाखवतो. ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्येही खेळलेल्या सामन्याची नोंद पुन्हा पाहता येते. जो मुलगा हरल्यावर ती नोंद उघडून ‘मी इथे उशीर केला’ म्हणतो, तो शिकतो आहे. जो हरल्याक्षणी दात-ओठ खात पुढचा सामना लावतो, त्याच्या बाबतीत खेळाचे नाव स्ट्रॅटेजी असले तरी घडते आहे ते निराळेच.

इतिहासाच्या बाबतीतही हेच. कर्ट स्क्वायर यांनी या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ‘सिव्हिलायझेशन थ्री’ प्रत्यक्ष वर्गात नेऊन पाहिला. सुमारे पाव विद्यार्थ्यांना तो फार अवघड व कंटाळवाणा वाटला आणि त्यांनी त्यातून अंग काढून घेतले. जे टिकले त्यांना मात्र भूगोल, व्यापार आणि सत्ता यांच्या परस्परसंबंधांविषयी खरोखरचे प्रश्न पडू लागले. प्रश्न पडणे हा लाभ मोठाच आहे, पण उत्तरे खेळाकडून घेऊ नयेत. २००९ च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येते, आणि मराठी घरातल्या मुलाला याचे अप्रूप वाटणे साहजिक आहे. पण त्या खेळात १७०० सालीच मराठ्यांचे ‘कॉन्फेडरसी’, म्हणजे सरदारांचे संघराज्य, उभे असलेले दाखवले आहे. प्रत्यक्षात १७०० हे छत्रपती राजाराम महाराजांच्या सिंहगडावरील निधनाचे आणि महाराणी ताराबाईंनी कारभार हाती घेऊन औरंगजेबाशी झुंज चालू ठेवल्याचे वर्ष. शिंदे, होळकर, गायकवाड यांची ती प्रसिद्ध रचना त्यानंतरच्या दशकांतली. हा फरक मुलाला जेवताना सांगितला, तर खेळाने अर्धे काम केले आणि आपण अर्धे, असे होते. ‘सिव्हिलायझेशन’मधल्या अणुबॉम्ब टाकणाऱ्या गांधीजींची कथाही मुलांमध्ये फार प्रिय. मूळ खेळातील संगणकीय चुकीमुळे तसे घडले ही आख्यायिका वर्षानुवर्षे फिरत राहिली. अशी चूक कधी नव्हतीच, असे खुद्द सिड मायर यांनी २०२० मधील आपल्या आठवणींत लिहिले आहे. नंतरच्या एका आवृत्तीत मात्र निर्मात्यांनी गंमत म्हणून तो गुण मुद्दाम घातला.

धोका कुठे दडलेला असतो

हिंसेबद्दल थोडक्यात. बहुतेक स्ट्रॅटेजी गेममध्ये माणसे मुंग्यांएवढी दिसतात आणि पडली की नाहीशी होतात. अमेरिकेतील ईएसआरबी या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेने ‘सिव्हिलायझेशन सिक्स’ दहा वर्षांपुढील मुलांसाठी, तर ‘स्टारक्राफ्ट टू’ किशोरवयीनांसाठी योग्य मानला आहे. अपवाद आहेत. दुसऱ्या महायुद्धावरील ‘कंपनी ऑफ हीरोज’ सतरा वर्षांपुढील गटात आहे. वेष्टनावरचा किंवा डाऊनलोडच्या पानावरचा वयोगट जरूर वाचावा, पण त्यात प्रामुख्याने दृश्ये आणि भाषा यांचा विचार असतो. ऑनलाइन भेटणारी माणसे काय बोलतील, याची हमी त्यात नसते.

खरा प्रश्न वेळेचा, आणि इथे तिन्ही गटांचे स्वभाव वेगळे. पाळीपाळीचा खेळ केव्हाही थांबवता येतो, म्हणूनच तो थांबत नाही. ‘फक्त आणखी एक पाळी’ हा या खेळांच्या चाहत्यांमधला जुना विनोद आहे. दर पाळीला कुठली तरी इमारत पुरी होत आलेली असते, कुठला तरी शोध लागण्याच्या बेतात असतो. चालत्या घड्याळाचा सामना आपणहून संपतो, ही त्याची जमेची बाजू. मात्र एकाग्रता इतकी लागते, की त्यानंतर लगेच झोप येत नाही. अतिरेकाचे टोक किती भयंकर असू शकते, हे दक्षिण कोरियाने २००५ मध्ये पाहिले. देगू शहरातील एका इंटरनेट कॅफेत जवळजवळ ५० तास ‘स्टारक्राफ्ट’ खेळत बसलेला एक तरुण कोसळून मरण पावला. ही अपवादात्मक घटना आहे, ती सांगून मुलाला घाबरवण्यात अर्थ नाही. पण खेळ मोठ्या माणसालाही जेवण-झोप विसरायला लावू शकतो, हे त्यातून कळते.

तिसऱ्या गटाचे वेळापत्रक सर्वांत चिवट. मोबाईलवरचा खेळ एका बैठकीत फार वेळ मागत नाही, पण दिवसातून अनेकदा बोलावतो. इमारत पुरी झाली, आपल्या गावावर हल्ला झाला, क्लॅनचे युद्ध सुरू झाले. एका क्लॅनमध्ये पन्नासपर्यंत सदस्य असू शकतात आणि त्यांत वर्गमित्रांबरोबर कुठल्याही वयाची अनोळखी माणसेही असतात. युद्धाचा एक दिवस तयारीचा, एक लढाईचा. मुदत रात्री दोन वाजता संपत असेल, तर गजर लावून उठणारी मुले आहेत. त्याला केवळ ‘व्यसन’ म्हणणे मला अपुरे वाटते. आपण हल्ला केला नाही तर बाकीच्यांची मेहनत वाया जाईल, ही निष्ठेची भावना त्यामागे असते. ती भावना चांगली आहे. तिचा फायदा खेळाची घडण उठवते, हे मुलाला समजावून सांगता येते. पण आधी ते पालकांना ठाऊक हवे.

मग पैसा. माझ्या परिचयातील एका कुटुंबात सातवीतल्या मुलाने पाच-सहा महिन्यांत सत्तर-ऐंशी रुपयांच्या हप्त्यांनी काही हजार रुपये एका खेळात घातले. त्याने चोरून पिन पाहिला नव्हता. घरचे वीजबिल तोच मोबाईलवरून भरत असे, त्यामुळे पिन त्याला सांगितलेलाच होता. बँकेचे संदेश येत होते, पण इतक्या लहान रकमांकडे कोणाचे लक्ष गेले नाही. जगभर हे घडले आहे. मुलांनी पालकांच्या संमतीविना केलेल्या खरेदीच्या प्रकरणी ॲपलने २०१४ च्या आरंभी अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून ग्राहकांना किमान सव्वातीन कोटी डॉलर परत देण्याचे मान्य केले, आणि त्याच वर्षी गूगललाही तसेच करावे लागले. आत काय निघेल ते न सांगता विकल्या जाणाऱ्या ‘लूट बॉक्स’पैकी काहींना बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्ये जुगारच ठरवले.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला. पैसे जिंकण्याच्या आशेने पैसे लावायचे खेळ त्याने निषिद्ध ठरवले, आणि ई-स्पोर्ट्स व करमणुकीचे खेळ त्यापासून वेगळे काढले. ‘आता कायदा झाला, काळजी मिटली’ असे मात्र समजू नये. गावाची तटबंदी लवकर पुरी व्हावी म्हणून जेम्स विकत घेणे हा पैसे लावून पैसे जिंकण्याचा प्रकार नव्हे. ती निव्वळ खरेदी आहे, आणि तिच्यावर नजर ठेवणे घरावरच सोडलेले आहे.

एक तास शेजारी बसून

या सर्वांची पारख लेख वाचून होत नाही. त्यासाठी मुलाच्या शेजारी एक तास बसावे लागते, तेही तपासनीस म्हणून नव्हे. ‘मला शिकव’ असे म्हणावे. मूल शिकवू लागले की खेळाचा अंदाज दहा मिनिटांत येतो. कारण काय सांगते, किती पर्याय मांडते, की नुसतेच ‘इथे दाब, मग इथे दाब’ म्हणते, हे ऐकावे. मग सहज बोलता बोलता चौकशी करावी: हा खेळ संपतो केव्हा? तू खेळला नाहीस तर कोणाचे नुकसान होते? इंटरनेट बंद केले तर खेळता येतो का? दुकान कुठे आहे, आणि पैसे घालणारा पैसे न घालणाऱ्याला हरवतो का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुले फार प्रामाणिकपणे देतात, कारण त्याचा राग त्यांनाही असतो.

मला विचाराल तर, निवड करायचीच असेल तेव्हा एकदाच पैसे देऊन घ्यायचा खेळ फुकट मिळणाऱ्या खेळापेक्षा बरा. मध्यमवर्गीय मनाला हे उलटे वाटते. पण पहिल्या प्रकारात निर्मात्याला त्याचे पैसे मिळून गेलेले असतात. दुसऱ्यात ते मिळायचे असतात, आणि त्यासाठी मुलाला पुन्हा पुन्हा बोलावणे भाग असते.

घरातले नियम खेळाच्या घडणीप्रमाणे असावेत. ‘बरोबर आठ वाजता बंद’ हा नियम अर्ध्यावर आलेल्या सामन्याला लावला, की रोज भांडण ठरलेले. त्याऐवजी ‘दोन सामने’ किंवा ‘साडेसातनंतर नवा सामना नाही’ असे ठरवावे. पाळीपाळीच्या खेळात नेमके उलट, तिथे घड्याळच लावावे, कारण जतन करून उठण्याने काही बिघडत नाही. क्लॅनच्या युद्धाची मुदत कधी संपते हे आधी विचारून घ्यावे, आणि शाळेच्या आदल्या रात्री संपणाऱ्या युद्धात भाग घ्यायचा नाही असे ठरवावे. रात्री मोबाईल झोपण्याच्या खोलीबाहेर राहावा, आई-वडिलांचासुद्धा.

पैशांच्या बाबतीत प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय चालू करावी, मुलाच्या फोनवर गूगलची ‘फॅमिली लिंक’ किंवा आयफोनवर ‘आस्क टू बाय’ वापरावी, आणि पिन मुलाच्या माहितीचा असेल तर आजच बदलावा. नको असलेली खरेदी झालीच, तर गूगलकडे ४८ तासांच्या आत परताव्याची विनंती करता येते. ‘फुकट जेम्स’ देणारी संकेतस्थळे आणि खाते विकत घेऊ पाहणारे ‘मित्र’ हे बहुधा फसवणुकीचे सापळे असतात. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर गुन्हेविषयक क्रमांकावर लगेच कळवावे.

सरकारी पातळीवर वेळापत्रक लादून काय साधते, हा प्रश्न अनिर्णितच आहे. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळण्यास मनाई केली आणि दहा वर्षांनी तो कायदा मागे घेतला. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार ते रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रोज एकच तास ठरवून दिला. आपल्याकडे असा कायदा नाही.

काळजी केव्हा करावी? जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात स्थान दिले असून ते जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात तासांचा आकडा नाही. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळत जाणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही तीन लक्षणे त्यात सांगितली आहेत. ती साधारणतः वर्षभर दिसावीत आणि त्यामुळे घर, शाळा, मैत्री यांत ठळक बिघाड व्हावा, अशी अपेक्षा आहे. सुट्टीत रोज चार तास खेळून शाळा सुरू होताच कमी करणारा मुलगा यात बसत नाही. रोज दीडच तास खेळणारा, पण त्यासाठी क्रिकेट, मित्र आणि खोटे न बोलण्याची सवय सोडून दिलेला मुलगा अधिक विचार करण्यासारखा. अशा वेळी शाळेतील समुपदेशकाशी बोलावे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मार्गदर्शन मिळते. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून स्वतंत्र चिकित्सालय आहे.

खेळ बंदच करायचा असे ठरले, तर एक पथ्य पाळावे. रागाच्या भरात मुलाच्या हातून फोन घेऊन त्याचे खाते पुसून टाकू नये. ते गाव त्याने दोन-तीन वर्षे खपून उभे केलेले असते आणि ते त्याच्या लेखी खरे असते. एखादा दिवस ठरवावा, क्लॅनमधल्या मित्रांना निरोप देण्यास त्याला सवड द्यावी, गावाचे शेवटचे छायाचित्र काढून ठेवायचे असेल तर काढू द्यावे, आणि मग ॲप त्याच्याच हाताने काढून टाकायला सांगावे.